बाळ झोपतं, आई जागीच

प्रश्न : बाळ 5 आठवड्यांचं आहे. मला सारखं रडू येतं, बाळ झोपलं तरी माझा डोळा लागत नाही. सासूबाई म्हणतात, सगळ्यांनाच होतं.

उत्तर : त्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत येणारं रडू बहुतेकींना येतं, पण ते साधारण 2 आठवड्यांत ओसरतं. तुमचं टिकलंय, हे प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. यात तुमचा काहीही दोष नाही. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासा. अंगावर पाजत असतानाही चालणारी औषधं आहेत. घरी ‘मदत करा’ असं मोघम सांगू नका. रात्री सलग 4-5 तास बाळाला कोण घेणार, ते ठरवून टाका. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला, तर एकट्या राहू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.