रानपिंगळा ओळखताना

मेळघाटात पहिल्याच दिवशी रानपिंगळा, म्हणजे ते दुर्मीळ छोटं घुबड, दिसल्यासारखं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. उत्साह तसाच ठेवा, फक्त नाव ठरवायची घाई करू नका.

सर्वात आधी डोकं बघा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर तांदळाचे दाणे उधळल्यासारखे पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचा माथा करडा-तपकिरी, जवळजवळ कोरा. मग छाती: रुंद गडद पट्टा, आणि त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. पाय जाड, पांढऱ्या पिसांनी भरलेले. अंगभर, अगदी डोक्यावरही, बारीक आडवे पट्टे दिसले तर तो जंगली पिंगळा, ही तिसरीच जात.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- आकारावर विसंबणं. रानपिंगळा साधारण २३ सेंमी, साधा पिंगळा २१. फांदीवर बसलेल्या पक्ष्यात हा फरक डोळ्याला कळत नाही, त्यातून थंडीत पिसं फुलवून बसला की संपलंच.
- दिवसा दिसला म्हणून रानपिंगळा मानणं. साधाही दिवसा दिसतो.
- प्रदेश विसरणं. नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो सागाच्या कोरड्या जंगलात. तोरणमाळ, मेळघाट, यावल, तानसा इथे शोधा. पुण्यातल्या सोसायटीतला पिंगळा साधाच.

मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका, कृपा करून. संख्या फार कमी उरली आहे. शेपटीचे पट्टे, पिल्लांची पिसं हे सगळं पुढे बघू. आधी महिनाभर गावातला साधा पिंगळाच नीट बघा.