प्रश्न तुमचे: नवा लॅपटॉप अडीच तासांत का बसतो?

प्रश्न: भाऊ, नमस्कार. मी यावल तालुक्यात शाळेत शिकवते. तीन आठवड्यांपूर्वी, दिवाळीच्या ऑफरमध्ये, नवा लॅपटॉप घेतला. मला वर्गाचं काम आणि मुलाला थोडं गेमिंग, म्हणून दुकानदाराने ग्राफिक्स कार्डवाला, 144 हर्ट्झ स्क्रीनचा दाखवला. जाहिरातीत आठ तास बॅकअप म्हटलं होतं. प्रत्यक्षात सव्वादोन, फार तर अडीच तास मिळतात. शाळेत प्रोजेक्टरला जोडला की दीड तासातच मान टाकतो. रात्री शंभर टक्के करून, झाकण बंद करून पिशवीत ठेवला तर सकाळी 82. बॅटरीवर 52 वॉट-अवर लिहिलेलं आहे, एवढं कळलं. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून तर डेस्कटॉप न घेता हा घेतला. दुकानदार म्हणतो, नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो. मुलगा म्हणतो, बॅटरीच डुप्लिकेट आहे. बदलून मागू का?
— एक शिक्षिका, यावल तालुका

उत्तर: ताई, दुकानात भांडायला जाण्याआधी पाच मिनिटं द्या. दुकानदार निम्मं खरं बोलतोय आणि मुलगा बहुतेक चुकतोय. पण माझ्या 'बहुतेक'वर जाऊ नका, तुम्हीच मोजा.

मी भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी केली. सुरुवातीची काही वर्षं कामच ते होतं: रिले रूममधल्या, म्हणजे सिग्नलची यंत्रणा असलेल्या खोलीतल्या, बॅटऱ्यांच्या एकेका सेलमध्ये हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजायची काचेची नळी) बुडवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. वहीत आकडा नसताना कुणी 'बॅटरी वीक आहे' म्हणालं, की साहेब त्याला आल्या पावली परत पाठवायचे. लॅपटॉपच्या बॅटरीत हायड्रोमीटर बुडवता येत नाही, पण विंडोजमध्ये तशीच एक वही असते. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून टर्मिनल उघडा. काळ्या खिडकीत इंग्रजी लहान अक्षरांत 'पॉवर' लिहा, त्याला चिकटून सी-एफ-जी ही तीन अक्षरं, मग एक स्पेस, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' हा सलग एक शब्द. एंटर दाबलं की फाइल कुठे ठेवली ते खाली दिसतं. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा.

त्यात दोन ओळी शोधा: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिली म्हणजे कारखान्याने सांगितलेली टाकी, दुसरी म्हणजे आज प्रत्यक्ष भरते ती टाकी. आकडे मिलिवॉट-अवरमध्ये असतात, हजार मिलिवॉट-अवर म्हणजे एक वॉट-अवर, म्हणून तुमच्याकडे पहिला 52 हजारांच्या आसपास असेल. दुसरा 50-51 हजार असला, किंवा 52 हजारांच्या थोडा वर असला, तरी बॅटरी ठणठणीत आहे. तीन आठवड्यांच्या मशीनमध्ये तो 45 हजारांच्याही खाली दिसला, तर मात्र तो कागद छापून घ्या आणि सरळ सर्व्हिस सेंटर गाठा. सायकल काउंट, म्हणजे बॅटरी आजवर किती वेळा पूर्ण भरून वापरली, ही ओळही तिथेच असते. नव्या मशीनमध्ये ती शंभराच्या पुढे असेल, तर तुम्हाला शोकेसमधला पीस मिळाला असावा.

आता दुसरा आकडा, यासाठी कॅल्क्युलेटरही नको. 52 भागिले अडीच, म्हणजे तुमचा लॅपटॉप सरासरी 21 वॉट खातोय. आठ तास चालायचा असेल तर त्याने साडेसहा वॉटवर भागवायला हवं. जाहिरातीतला आकडा बहुधा उजेड कमी करून एखादा व्हिडिओ चालवत ठेवून काढलेला असतो. तसं कुणी काम करत नाही. आणि प्रोजेक्टरवर दीड तास म्हणजे जवळजवळ 35 वॉट. तुमच्या भागात केळीला ठिबक घरोघर आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो: टाकी भरलेली आहे, लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, कुठेतरी फुटलीय. टाकी बदलून काय होणार?

फूट कुठे आहे, यावर माझा पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर. तुमच्या मशीनमध्ये चित्र काढणाऱ्या दोन चिपा आहेत. एक प्रोसेसरच्या पोटातली, काटकसरी. दुसरी गेमसाठीची, खादाड. साध्या कामात खादाडीने झोपून राहावं अशी रचना असते. लॅपटॉपसोबत आलेल्या कंपनीच्या ॲपमध्ये 'हायब्रिड' आणि 'डिस्क्रीट' असे दोन पर्याय सापडतात का बघा. नाव कंपनीगणिक थोडं बदलतं. गेम जोरात पळावा म्हणून चिरंजीवांनी डिस्क्रीट करून ठेवलं असेल, तर तुम्ही हजेरीपट भरतानाही खादाड चिप जागी असते. हायब्रिड करून मशीन रीस्टार्ट करा. मुलाला रागावू नका, माझ्या नातवाने हेच केलं होतं आणि मी दोन दिवस चार्जर तपासत बसलो होतो.

प्रोजेक्टरचं कोडंही इथेच सुटतं. अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं, म्हणजे प्रोजेक्टरची केबल घालायचं, भोक थेट त्या खादाड चिपेला जोडलेलं असतं. केबल घातली की ती उठते आणि केबल काढेपर्यंत झोपत नाही, मग पडद्यावर नुसती बाराखडी का असेना. याला सेटिंगमध्ये फारसा इलाज नाही. पण ताई, प्रोजेक्टर काही बॅटरीवर चालत नाही ना? तो चालू आहे म्हणजे वर्गात लाइट आहे. त्याच बोर्डात लॅपटॉपचा चार्जर लावा. दोनाऐवजी चार सॉकेटचा बोर्ड आणायला जो खर्च येईल, तोच तुमचा दुरुस्तीचा खर्च.

मग स्क्रीन. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, आणि तळाशी ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे 144 चं 60 करा. स्क्रीन सेकंदाला 144 वेळा चित्र बदलते ती गेमवाल्यांसाठी, मराठीच्या धड्याला साठ पुष्कळ झाले. ब्राइटनेस घरात निम्म्यावर आणा. वर्गात खिडकीकडे पाठ करून बसत असाल तर स्क्रीनवर ऊन येतं आणि आपण नकळत उजेड शंभरावर नेतो. टेबल फिरवा.

दुकानदाराचं निम्मं खरं ते असं. नवं मशीन पहिले काही दिवस खरोखर राबत असतं: विंडोजचे अपडेट, फाइलींची अनुक्रमणिका, वनड्राइव्हवर फोटो चढवणं. पण त्याला तीन आठवडे लागायला नकोत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, सगळं काम बंद ठेवून दोन मिनिटं नुसतं बघत बसा. सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरच्या कामाचा, आकडा दोन-चार टक्क्यांवर बसला तर ठीक. वीस-तीसवर नाचत राहिला, तर त्या रकान्यावर क्लिक करा, खाणारा सगळ्यात वर येईल.

इथे माझी एक फजिती सांगतो. रिटायर झाल्यावर दुकान काढलं, त्याच्या पहिल्या वर्षी चोपड्याचे एक गृहस्थ हीच तक्रार घेऊन आले. म्हणाले, बॅटरी गेली. मीही मान डोलावली, नवी मागवली, बसवली, पैसे घेतले. आठवड्याभरात ते परत दारात, बॅकअप तेवढाच. तेव्हा कुठे मी टास्क मॅनेजर उघडला. दुकानातून फुकट आलेला एक अँटिव्हायरस आणि पुतण्याने टाकलेला दुसरा, दोघं एकमेकांच्या फाइली तपासत बसले होते. आयुष्यभर वहीत आकडे लिहिलेल्या माणसाने न मोजता बॅटरी विकली! बॅटरीचे पैसे परत केले आणि जुनी बॅटरी त्यांच्याच मशीनमध्ये परत बसवली. तुमच्याकडेही ट्रायलचा अँटिव्हायरस असेल तर काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो.

रात्रीचे 18 टक्के राहिले. म्हणजे नऊ-साडेनऊ वॉट-अवर, पिशवीत बसल्या बसल्या गेले. आताचे लॅपटॉप झाकण मिटल्यावर मोबाइलसारखे डुलकी घेतात, गाढ झोपत नाहीत. मेल येतात, अपडेट उतरतात, कधी पिशवीत तापतातही. जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जा. तिथे पॉवर बटणाच्या पानावर हायबरनेटची खूण करावी लागते, ती आधी फिकट दिसते, वरच्या निळ्या ओळीवर क्लिक केल्यावर उघडते. मग झाकण मिटल्यावर काय करायचं, तिथे स्लीपऐवजी हायबरनेट निवडा. सकाळी उघडायला काही सेकंद जास्त लागतील, पण रात्रीचा आकडा सकाळी जवळपास तसाच दिसेल.

एवढं सगळं केलंत तर खर्च दहा-अकरा वॉटवर यावा, म्हणजे पाचेक तास. आठ तास विसरा, गेमिंगवाल्या मशीनकडून ती अपेक्षाच चूक. खरं सांगू का, तुम्ही माझ्याकडे आधी आला असतात तर मी तुम्हाला ग्राफिक्स कार्ड नसलेला, हलका लॅपटॉपच घ्या म्हटलं असतं. मुलाने गेम मोबाइलवर खेळला असता.

आत्ता थंडी आहे म्हणून एक गोष्ट पुढच्यासाठी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याच्याही वर. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करायची वरची मर्यादा साधारण तेवढीच असते. दुपारी चार्जिंग मध्येच थांबलं तर घाबरू नका, बॅटरी स्वतःला वाचवत असते. पहाटे चार्ज करा. स्कूटरच्या डिक्कीत किंवा उन्हातल्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका. आणि कधी टचपॅड वर उचललेला दिसला, झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगलीय असं समजा. तिथल्या तिथे वापर बंद, चार्जर काढा, दाबून-टोचून बघायचं नाही.

प्रश्न: दुकानात सांगितलं, पहिल्यांदा सलग आठ तास चार्ज करा आणि महिन्यातून एकदा पूर्ण रिकामी करा, नाहीतर बॅटरीला सवय लागते. खरं का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, शिरपूर

उत्तर: ही सवयीची गोष्ट जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांची. 1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली, तरी सल्ला अजून आजोबांचाच चालू आहे. शंभर टक्के झाले की चार्जिंग आपोआप थांबतं, पुढचे तास नुसते घड्याळाचे. दर महिन्याला शून्यावर नेणं तर उलट बॅटरीला त्रासाचं. टक्क्यांचा आकडा खोटं बोलायला लागला, म्हणजे 25 वरून एकदम बंद पडतोय असं झालं, तरच एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरा, मोजमाप ताळ्यावर येतं. नाहीतर 20 ते 80 मध्ये खेळवत ठेव. लॅपटॉप दिवसभर प्लगला असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये 80 टक्क्यांवर थांबवायची सोय बघ. ज्यांच्याकडे रोज लाइट जाते त्यांनी मात्र या 80 च्या फंदात पडू नये. अंधारात ते वीस टक्के कामाला येतात, आणि बॅटरी जपून ठेवायला काही ती तिजोरीतली नाही.

प्रश्न: आमच्याकडे जुना इन्व्हर्टर आहे. त्यावर लॅपटॉप चार्ज केला की अडॅप्टर गुणगुणतो. बॅटरी खराब होईल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर: अडॅप्टरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. इनपुटपुढे 100 ते 240 व्होल्ट असं असेल. तेवढ्यात कसलाही चढ-उतार आला तरी पुढे डीसीच, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, जाते, साधारण 19-20 व्होल्टची. इन्व्हर्टरची वाकडी लहर बॅटरीपर्यंत पोचतच नाही. जुने स्क्वेअर वेव्ह, म्हणजे गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाटेची वीज देणारे, इन्व्हर्टर पंख्याला जसे गुणगुणायला लावतात, तसेच अडॅप्टरलाही. नुसता आवाज असेल तर चालवा. हात लावल्यावर चटका बसण्याइतका तापला, किंवा जळका वास आला, तर लगेच काढा. आणि अडॅप्टर गादीवर, उशीखाली ठेवायचा नाही, फरशीवर ठेवा. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे निम्मे अडॅप्टर गोधडीत शिजलेले असतात.