लेक दर शनिवारी वेगळ्या गावात, आईचा जीव मस्कतमध्ये टांगणीला

मस्कतहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, आणि एप्रिल ते जुलै एका सेमिस्टरच्या एक्सचेंजवर जर्मनीत फ्रायबुर्गला गेलाय. ताई लिहितात, "इन्स्टावर बघावं तर ह्या शनिवारी बासेल, पुढच्या शनिवारी कोलमार, मग कुठल्यातरी डोंगरावर. फोन केला की 'आई ट्रेनमधे आहे, नंतर करतो'. अभ्यास कधी करतो? पैसे कुठून आणतो? हे म्हणतात जाऊदे गं, वय आहे त्याचं. मी त्याला सुट्टीच्या दिवशी रूमवर बसून अभ्यास कर असं ठणकावून सांगू का?"

ताई, नका सांगू. मी १९ वर्षं जर्मनीत आहे, माझा भाचा माझ्या डोळ्यासमोर ह्याच सेमिस्टरमधून गेला, आणि मीही तेव्हा तुमच्यासारखीच रोज रात्री काळजी करत बसायचे. आता कळतं की मी चुकीच्या गोष्टीची काळजी करत होते.

आधी तिथलं वेळापत्रक समजून घ्या. लेक्चर एप्रिलच्या मध्यात कधीतरी चालू होतात आणि जुलैपर्यंत चालतात, आणि मे महिना म्हणजे नुसता सुट्ट्यांचा. यंदा २०२६ ला १ मे शुक्रवारी आला, १४ मेला गुरुवारी सुट्टी, २५ मेला सोमवारी सुट्टी आणि बऱ्याच ठिकाणी तो अख्खा आठवडा लेक्चरच नसतात, मग फ्रायबुर्गकडे ४ जूनला परत गुरुवारची सुट्टी. गुरुवारी सुट्टी आली की मधला शुक्रवार सगळेच टाकतात, नोकरीवालेसुद्धा. तेव्हा मेमधे पोरगा फिरताना दिसला तर तो वाया गेला असं नाही, तिथे तेव्हा सगळं गावच बाहेर असतं. पाच महिने ढग आणि अंधार काढलेला असतो हो त्या लोकांनी, ऊन पडलं की घरात कोण बसेल!

अभ्यासाची खरी मेख वेगळीच आहे. आपल्याकडे कॉलेजला ॲडमिशन घेतली, फॉर्म भरला की परीक्षेला नाव आपोआप येतं, सबमिशन राहिलं तर सर ओरडतात. तिथे कोणी ओरडत नाही. बऱ्याच लेक्चरला हजेरीसुद्धा घेत नाहीत, आणि परीक्षेसाठी बहुतेक ठिकाणी वेगळं ऑनलाइन रजिस्टर करावं लागतं, त्याची शेवटची तारीख असते, ती गेली की गेली. मग पोरगा कितीही हुशार असो, त्याला पेपरला बसता येत नाही आणि पुण्याच्या कॉलेजला क्रेडिट काय दाखवणार? म्हणून त्याला "अभ्यास केलास का" हे रोज विचारू नका, एकदाच विचारा की बाबा रे परीक्षेचं रजिस्ट्रेशन कधी आहे, झालं की मला स्क्रीनशॉट पाठव. बस.

आता फिरण्याचं. भारतीय पासपोर्टवर जर्मनीचा लाँग-टर्म व्हिसा किंवा रेसिडन्स कार्ड असेल तर बाकीच्या शेंगेन देशांमधे (म्हणजे युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, जर्मनीतले दिवस त्यात धरत नाहीत. स्वित्झर्लंड (बासेल) चालतं, फ्रान्स (कोलमार) चालतं, पण लंडन आणि डब्लिनला वेगळा व्हिसा लागतो. मित्रांनी तिकीट काढलं म्हणून आपणही काढलं असं होऊ देऊ नका, युरोपियन पासपोर्टवाल्या मित्रांना हे प्रश्नच पडत नाहीत म्हणून ते सांगतही नाहीत.

आणि पासपोर्ट स्वतःजवळ, खरा, कागदाचा. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी चालू केलीये. आमचा भाचा फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गहून रात्रीच्या बसने येत होता, पासपोर्ट रूमवर कपाटात आणि मोबाईलमधे फोटो. बस थांबवली, ह्याला खाली उतरवलं, बस निघून गेली. साडेअकरा वाजलेले, फोन ४ टक्क्यांवर, अंगात एक पातळ शर्ट कारण दुपारी ऊन होतं. सगळं तपासून सोडलं त्याला, पण घरी यायला पहाट झाली आणि आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी. मला त्याने तो शर्ट दाखवला तेव्हा रडूच आलं. म्हणून जाकीटही सांगा. मे महिन्यात ११ ते १५ तारखेला थंडीची लाट येते असं तिथले शेतकरी जुन्या काळापासून मानतात, आणि नसली आली तरी खाली फ्रायबुर्गमधे चेरी फुललेली असते तेव्हा वर फेल्डबर्गच्या डोंगरावर, १,४९३ मीटरवर, बर्फ असू शकतो.

पैशांचं म्हणाल तर ताई, तुम्हाला वाटतं तेवढे जात नाहीत. डॉइचलँडतिकीट ६३ युरोला मिळतं, महिनाभर देशभरातल्या लोकल-रिजनल ट्रेन, बस, ट्राम सगळ्यात चालतं, आयसीई म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान ट्रेनमधे नाही. ते तिकीट बासेलच्या जर्मन स्टेशनपर्यंतही नेतं, तासाभरात. फक्त ते सबस्क्रिप्शन आहे, जुलैमधे बंद करायचं तर १० जुलैच्या आत कॅन्सल करायला सांगा, नाहीतर ऑगस्टचे पैसे पोरगा पुण्यात असताना कापले जातील. आणि बासेलमधे फोनचं रोमिंग बंद ठेवायला सांगा. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमधे नाही, जर्मन सिमचं फुकट रोमिंग तिथे धरून चालायचं नाही, भाच्याने एका दुपारी मॅप आणि व्हिडिओ कॉलवर महिन्याच्या किराण्याएवढं बिल करून ठेवलं होतं.

एक खास सांगते कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एप्रिलमधे तिथल्या जंगलात लसणाच्या वासाची पानं उगवतात, बेअरलाउख म्हणतात, पोरं तोडून आणून चटणी करतात, छान लागते. पण तशीच दिसणारी दोन विषारी पानं तिथेच आजूबाजूला असतात आणि वासावर विसंबायचं तर एकदा हाताला लसणाचा वास लागला की पुढचं प्रत्येक पान तसाच वास देतं. बाजारातून घे म्हणावं, दोन-तीन युरोला जुडी मिळते.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की ओळखीचं कोणी जर्मनीला चाललंय, त्यांच्याबरोबर साजूक तूप आणि पेढे पाठवू का. नको. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, काढून घेतात आणि नेणाऱ्यालाही त्रास. भाजणी पाठवा, मेतकूट पाठवा, गोडा मसाला पाठवा. भाचा मेतकूट-भात खाऊन ट्रेन पकडायचा.

राहिला फोन. तुमची सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्याची शनिवार-रविवार. म्हणजे तुम्ही शनिवारी निवांत बसून फोन लावता तेव्हा तो नेमका डोंगर चढत असतो, आणि त्याला रविवारी वेळ असतो तेव्हा तुम्ही ऑफिसात. तो टाळत नाहीये ताई, वेळच जुळत नाहीये. रविवारी रात्री तुमचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात त्याचे सात, परतीच्या ट्रेनमधे किंवा रूमवर भात लावलेला असेल. तेव्हा फोन करा, आणि पहिल्यांदा विचारा की काल कुठे गेला होतास, फोटो दाखव.