हात थरथरतो, म्हणून रायफल उचलू नये का?

"वय झालंय, हात थरथरतो, बंदुकीची लहानपणापासून भीती आहे. अशात नेमबाजी शिकायला गेले तर चारचौघांत हसं होईल का?" हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कधी कॉलेजातला मुलगा विचारतो, कधी निवृत्तीला आलेले गुरुजी. २०२४ साली पॅरिसला स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून जरा जास्तच येतो. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, म्हणजे आमच्या कोकणातून फोंडा घाट चढला की शेजारचाच. कौतुक वाटतं, आपणही करून बघावं असं वाटतं, आणि पाय उंबऱ्यात अडतो.

उत्तर म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून.

ताई रत्नागिरीजवळच्या एका गावात नवऱ्याबरोबर आंबा-काजूची रोपवाटिका चालवतात. वय ३९. माझ्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या मुलासाठी. आठवीतला मुलगा, परीक्षेच्या आदल्या रात्री झोपायचा नाही. ते दोन-तीन भेटींत मार्गी लागलं. शेवटच्या भेटीत पर्स खांद्याला लावून उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. "मॅडम, एक विचारू? हसणार नाही ना?"

मुलगा आठवड्यातून दोनदा एअर रायफलच्या (हवेच्या दाबाने छर्रा सोडणारी रायफल) रेंजवर सरावाला जातो. ताई त्याला सोडतात आणि सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसतात. तिथले सर दोन-तीनदा म्हणाले होते, "तुम्हीही एकदा हातात घेऊन बघा." आठ महिने ताई रात्री ठरवत होत्या आणि सकाळी मोडत होत्या. "माझ्याच्यानं व्हायचं नाही," म्हणाल्या, आणि परत खुर्चीत बसल्या.

आधी भीतीबद्दल बोललो. आमच्याकडे अजूनही कितीतरी घरांत शेतसंरक्षणाची बंदूक असते, रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. ताईंच्या आजोळी माजघराच्या भिंतीला अशीच ठासणीची बंदूक टांगलेली असायची. मामा दम द्यायचे, "भरलेली आहे हां, तिकडे फिरकायचं नाही." ती खरंच भरलेली होती की मुलांना लांब ठेवायला तसं सांगायचे, हे ताईंना कधीच कळलं नाही. सुट्टीतल्या कितीतरी रात्री त्यांनी त्या भिंतीकडे पाठ न करता काढल्या.

ही भीती खोटी आहे, असं मी त्यांना म्हटलं नाही. भरलेली आहे की नाही हे माहीत नसलेल्या बंदुकीला घाबरणं शहाणपणाचंच आहे. मी त्यांना एकच काम दिलं. रेंजवर आत जायचं, रायफलला हात लावायचा नाही, फक्त सरांना विचारायचं, "ही रिकामी आहे हे कशावरून ओळखायचं?"

पुढच्या आठवड्यात आल्या त्या हवेत दोन बोटांनी काहीतरी ओढत. "नारिंगी दोरी असते, मॅडम! नळीतून आरपार. दोन्ही टोकं बाहेर दिसतात." ती सेफ्टीची दोरी. ती आत असेपर्यंत छर्रा भरताच येत नाही, आणि हुकूम मिळाल्याशिवाय ती काढायची नाही. नळी कायम टार्गेटच्या दिशेने, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. 'स्टॉप' म्हटलं की जो जिथे असेल तिथे थांबतो. सरांनी ताईंना ती दोरी एका टोकाने ओढायला लावली होती, दुसरं टोक आत सरकताना दिसावं म्हणून. "मामाच्या बंदुकीला अशी दोरी असती तर..." एवढं बोलून त्या थांबल्या. मीही पुढे विचारलं नाही.

पुढचा अडसर हाताचा. एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा, अंतर १० मीटर. रायफलचं वजन नियमाने साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. पहिल्यांदा उभ्याने धरल्यावर पीप साइटमधला (नेम धरायच्या बारीक भोकातून दिसणारा) टार्गेटचा काळा गोल असा डोलू लागला की ताईंनी रायफल खाली ठेवली आणि सरळ बाहेर आल्या. "माझा हातच वाईट."

ज्या हाताला त्या वाईट म्हणत होत्या, तो पावसाळ्यात दिवसभर कोय कलमं बांधतो. मी विचारलं, "कलमाची काडी तासताना काय करता?" त्यांना सांगता येईना. शेवटी माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली, डाव्या मुठीत धरली, कोपर बरगडीला टेकवलं आणि उजव्या हाताने पाचर तासल्यासारखं केलं. एकच काप, वरून खाली. करता करता स्वतःच म्हणाल्या, "श्वास अर्धा सोडते. थांबते. आणि लगेच काप. रेंगाळलं की काप वाकडा, मग काडी टाकायची, दुसरी घ्यायची."

नेमबाज याहून वेगळं काही करत नाही. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून वजन हाडांवर घेतो, कारण स्नायू दमतो, हाड दमत नाही. श्वास थोडा सोडून थांबतो. आणि गोल डोलतोच, सगळ्यांचा डोलतो. छातीचा ठोका चालू आहे तोवर नळी हलणार. शिकायचं ते डोलणं आवरत आणणं आणि त्या डोलण्यातच ट्रिगर हळू दाबणं. आठ-दहा सेकंदांत जमलं नाही तर रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा सुरुवात करायची. मोठ्या स्पर्धेत ६० गोळ्यांना ७५ मिनिटं असतात, एका गोळीला सव्वा मिनिट. खाली घ्यायला वेळ आहे. हे ऐकून ताईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "म्हणजे काडी टाकता येते."

लोकांच्या नजरेबाबत मात्र मी चुकले. "तुमच्याकडे कोणी बघत नसतं," असं सांगून बसले. पुढच्या भेटीत ताई रागावूनच आल्या. टार्गेटचा कागद सरकत परत येतो आणि शेजारच्याला दिसतो. मॅचचे गुण भिंतीवर लागतात. बघतात लोक! त्यांचं खरं होतं. धीर देण्याच्या घाईत मी त्यांची भीती पुसायला गेले होते. मग आम्ही उलटं केलं: कोणाला काय दिसेल ते कागदावर मांडलं. यादी झाली तीन ओळींची. गुण दिसतील. शेवटचा नंबर दिसेल. मुलाचे मित्र बघतील. चौथी ओळ सुचेना. ती यादी त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवली.

वयाची काळजी फार बोलावी लागली नाही. उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर यांनी साठी उलटल्यावर पिस्तूल हातात घेतलं, एवढं सांगितलं. खर्चाबद्दल: सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका. रायफल आणि जॅकेट रेंजचंच वापरा. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका.

एक गोष्ट मी प्रत्येकाला आधी विचारते, ताईंनाही विचारली: स्वतःच्या किंवा घरात कोणाच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का, राग हाताबाहेर जातो का? तसं असेल तर रेंज नंतर, आधी उपचार. यावर मी तडजोड करत नाही.

जानेवारीत रेंजवर आतल्या आत एक मॅच झाली, ४० गोळ्यांची. त्याआधी आमचं ठरलं की गुणांचं काही ठरवायचं नाही. दोनच कामं: दहा सेकंदांवर गेलं की रायफल खाली, आणि गोळी सुटल्यावर मनात दोन आकडे मोजेपर्यंत डोकं उचलायचं नाही.

ताई शेवटून पहिल्या आल्या. फोन त्यांनीच केला. "चौदा वेळा खाली घेतली, मॅडम. मोजलं मी." पहिल्या दहा गोळ्यांत गुडघे लटपटत होते, नंतर लक्षात राहिलं नाही, म्हणाल्या. मुलाचे मित्र? एकाने येऊन विचारलं, "काकी, तुमचं कोपर एवढं स्थिर कसं राहतं?"

मागून मुलाचा आवाज आला, "आई, रविवारी पण येणार आहेस ना?"

"मोहोराची फवारणी आटपली तर. सकाळी लवकर उठव मला."