आजीच्या दोन चपला

प्रिय चिऊ,

हे पत्र मराठीत लिहितेय, म्हणजे तुला वाचायला वेळ लागणार. लागू दे. अडलंस तर मला विचार, किंवा मी वाचून व्हॉइस मेसेज पाठवते. आणि नाही वाचलंस तरी चालेल. (हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय.)

तू पुण्याहून परतताना विमानात झोपलीस आणि मी आठ तास तुझ्या त्या एका प्रश्नावर जागी होते. तुझ्या लक्षातही नसेल. आपण सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला गेलो होतो. चपला स्टँडवर द्यायच्या सोडून आजीने एक चप्पल इकडे पायरीशी काढली आणि दुसरी चांगली पंधरा पावलं चालत जाऊन पलीकडच्या झाडामागे ठेवली. तू विचारलंस असं का, तर ती म्हणाली, "एकच चप्पल कोण चोरतंय?" तू हसलीस. मग येताना रिक्षात, आजी पुढे वाकून मीटरकडे बघत असताना, तू माझ्या कानाशी म्हणालीस, "आई, आजीचा बाप्पावर एवढा विश्वास आहे, मग बाप्पाला भेटायला येणाऱ्या माणसांवर का नाही?"

मी म्हटलं, "हळू, आजी ऐकेल." आणि फोनवर रिक्षा बरोबर रस्त्याने चाललीय ना, ते बघत बसले. ते तू पाहिलंस. काही बोलली नाहीस, पण पाहिलंस.

तू वाढलीस ती इकडे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला. आपण सायकलवरून शेतांकडे जातो तेव्हा रस्त्याकडेला ते लाकडी कपाट असतं, त्यात अंडी, भोपळे, कधी फुलं, आणि शेजारी पैशांचा डबा. माणूस कुणी नाही. अंडी घ्यायची, नाणी टाकायची. तुला त्यात काही विशेष वाटत नाही. मला तेरा वर्षांनंतरही वाटतं, मी अजून दर वेळी आजूबाजूला बघते, कुणी आपल्याला बघतंय का. आणि त्या शेतकऱ्याच्या घरात देव्हारा नसणार, बहुतेक चर्चलाही कुणी जात नसणार. म्हणजे तुझा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. देव नाही तिथे अंडी उघड्यावर, आणि देव आहे तिथे चपला झाडामागे.

आता आजीच्या बाजूने एक मुद्दा मांडून घेते, मग पुढे. तुझ्या सायकलीला कुलपं किती आहेत? दोन. एक मागच्या चाकाचं, एक साखळीचं. आणि तरी गेल्या वर्षी स्टेशनवरून बाबाची गेलीच. तेव्हा अंड्यांवर विश्वास आणि सायकलीवर नाही, हे तुमचंही चाललेलं असतंच. झालं. भांडण नाही करत.

आजी अशी आधीपासून नव्हती, हे तुला माहीत नाही. तू तिला पाहिलंस तेव्हापासून ती दुधाच्या पिशव्या मोजते, भाजीवाल्याच्या काट्याकडे डोळे बारीक करून बघते आणि दाराला वरची कडी, खालची कडी, मधलं लॅच असं सगळं लावून मग शुभंकरोति म्हणते. मी सहावीत असताना अण्णाआजोबा ऑफिसातल्या एका मित्राला जामीन राहिले. जामीन म्हणजे, याने कर्ज फेडलं नाही तर मी फेडीन, अशी सही. मित्र रोज आमच्याकडे चहाला यायचा, मला लिमलेटच्या गोळ्या आणायचा. एक दिवस यायचा बंद झाला. मग अण्णांच्या पगारातून हप्ते कापले जायला लागले, ते माझी दहावी होईपर्यंत. त्या वर्षांत आजीने दिवाळीला साडी घेतली नाही. आमच्या शाळेची सहल अजिंठ्याला गेली, मी गेले नाही. आजी अण्णांना एका शब्दाने बोलली नाही, फक्त मोजायला लागली. सगळं. गॅसची टाकी किती दिवस गेली, साबण किती दिवस गेला. आणि कुणी चांगलं बोललं की म्हणायची, "भरवशाच्या म्हशीला टोणगा." ही म्हण तू तिच्या तोंडून ऐकली असशील. जिच्यावर भिस्त ठेवली त्याच म्हशीला नर रेडकू झालं, म्हणजे दुधाचं गणित फसलं.

त्याच काळात तिची देवपूजा वाढली. आधी पाच मिनिटं असायची, ती अर्धा तास झाली. मी तेव्हा मनात म्हणायचे, देव बरा, तो हप्ते बुडवून पळत नाही. खवट होते मी त्या वयात. पण अजूनही मला वाटतं, आजीने माणसांवरचा विश्वास काढून घेतला आणि सगळा देवाकडे ठेवला, जसं एका बँकेतून पैसे काढून दुसरीत ठेवतात. तुझा प्रश्न लागला तो इथे. कारण मीही तेच करते, फक्त माझी दुसरी बँक देव नाही, फोन आहे.

पण मग माई.

माई म्हणजे अण्णांची आई, तुझी पणजी, जिच्या फोटोतल्या नथीला तू "हुक" म्हणाली होतीस. आमचा वाडा नारायण पेठेत होता. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांची आणि तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात येते, दोन मुक्काम करते. पालख्या उतरतात भवानी पेठेत आणि नाना पेठेत, पण त्यांच्याबरोबरची माणसं सगळ्या गावभर, शाळांत, देवळांत, वाड्यांत, जिन्याखाली, कुठेही. आमच्या ओसरीवर दर वर्षी एक दिंडी असायची. चाळीसेक माणसं, मराठवाड्यातल्या एका गावची. आडनावंही आम्हाला ठाऊक नसायची. ती आम्हाला माउली म्हणायची, आम्ही त्यांना माउली. मोठी मिशीवाली माणसं माझ्या, सात वर्षांच्या मुलीच्या, पाया पडायची आणि मी लाजून माईच्या मागे लपायचे.

त्या दोन दिवसांत आजी (तेव्हा ती या घरातली सूनच होती) कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचायची. माई काही बोलायची नाही. पण गंमत ही, की आमच्या मनात ते काय नेतील ही भीती, आणि ते आपलं सगळं आमच्याकडे ठेवायचे. आंघोळीला जायच्या आधी एकेक जण माईपुढे आपली पैशांची पिशवी ठेवायचा. कापडी, काळपट झालेली, तोंडाशी नाडी. "माउली, एवढं सांभाळा." माई त्या पिशव्या देव्हाऱ्यासमोरच्या पाटावर ओळीने मांडायची. कुणाला लाल दोऱ्याची गाठ, कुणाला बटण टाकलेलं, एकाला सेफ्टी पिन. ती नाव विचारायची नाही, गाठ बघायची. मी एकदा त्या मोजल्या होत्या, अकरा होत्या, आणि माई माझ्यावर ओरडली. "दुसऱ्याचं मोजू नये."

एका वर्षी पहाटे दिंडी दिवेघाटाच्या वाटेला लागली आणि पाटावर एक पिशवी उरली. पिनवाली. अण्णा सायकल काढून हडपसरपर्यंत गेले, पण त्या गर्दीत कोण कुठला सापडणार. पिशवी वर्षभर देव्हाऱ्याच्या खणात होती. कुणी उघडली नाही. मी एकदा दाबून बघितली, नाणी होती आणि एक घडीची नोट असावी. पुढच्या आषाढात तो माणूस आला. माईने काही न बोलता पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने ओसरीवर बसून गाठ सोडली आणि पैसे मोजले. माईसमोर.

मला इतका राग आला होता. अण्णांनाही. वर्षभर सांभाळलं आणि हा मोजतोय! माई मात्र म्हणाली, "बरं केलंस हो मोजलेस." आणि त्याला चहा दिला. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि चिऊ, खरं सांगू, आज कळलंय असंही छातीठोकपणे नाही सांगता येत.

माई अशी का होती, याची घरात एक गोष्ट आहे. तू अर्धी ऐकली आहेस, पुराची. 12 जुलै 1961. पानशेतचं धरण, काम अजून पुरं व्हायचं होतं, ते त्या सकाळी फुटलं, मग खालचं खडकवासलाही. मुठेचं पाणी लकडी पुलावरून गेलं आणि नदीकाठच्या पेठांत शिरलं. अण्णा तेव्हा बारा वर्षांचे. माईने नऊवारीच्या ओच्यात देव घातले, एका हाताने ओचा धरला, दुसऱ्या हाताने अण्णांना, आणि बोळातून निघाली. पाणी कमरेला आलं. एका भिंतीवर कुणी माणूस चढला होता, त्याने हात पुढे केला. आता माईचे दोन्ही हात अडकलेले. तिने ओचा सोडला.

अण्णांना आधी वर दिलं, मग ती चढली. घरी आले तेव्हा, म्हणजे पुष्कळ दिवसांनी, वाड्याचा मागचा भाग पडलेला, आणि ओच्याच्या निऱ्यांत अडकून बाळकृष्ण तेवढा राहिला होता. अन्नपूर्णा गेली, शंख गेला. अन्नपूर्णा तिच्या माहेरची, लग्नात दिलेली. माईने पुन्हा घेतली नाही, तिच्या जागी सुपारी ठेवली. आजीच्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ती सुपारी आहे ना, तीच जागा.

तो माणूस कोण, कधीच कळलं नाही. आजी ही गोष्ट सांगते तेव्हा म्हणते, "देवच उभा राहिला माणसाच्या रूपात." अण्णा सांगायचे तेव्हा चिडायचे. "देव काय, माणूस होता, बनियनवर होता, आणि हात खरखरीत होता त्याचा." माईला विचारलं तर ती म्हणायची, "तेवढा वेळ कुठे होता बघायला?"

अण्णांचं एक सांगायचं राहिलं. जामिनाचे हप्ते संपल्यावर तीनेक वर्षांनी त्यांनी पुन्हा एकाला सही दिली. आजीला न सांगता. मला कळलं कारण मी कॉलेजात होते आणि फॉर्म भरताना कागद हाती लागला. मी म्हटलं, "अण्णा, पुन्हा?" ते म्हणाले, "कसब्याच्या गणपतीला विचारून आलो." मला हसावं की रडावं कळेना. त्या माणसाने सगळे हप्ते वेळेवर फेडले. त्याची गोष्ट आमच्या घरात कुणी सांगत नाही. बुडवणाऱ्याची गोष्ट होते, फेडणाऱ्याची होत नाही.

म्हणजे बघ, एकाच देव्हाऱ्यासमोर हात जोडून आजी माणसांपासून लांब गेली आणि अण्णा पुन्हा सही करून आले. मग देवावर विश्वास असला की माणसांवर बसतो, की उडतो? मला नाही सांगता येत. आपल्या भाषेचंही काही विचारू नकोस. ज्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष नाही तिला आपण "रामभरोसे" म्हणतो! रामावर भरवसा म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं. कुणा वैतागलेल्या आजीनेच पाडला असेल हा शब्द.

तुला इथे देव हवा की नको, ते मी ठरवणार नाही. माझी अन्नपूर्णा, लग्नातली, स्वयंपाकघरात मसाल्यांच्या वरच्या फळीवर आहे, तू तिला "ती पळीवाली" म्हणतेस. मी रोज हात जोडते असंही नाही. धूळ मात्र पुसते.

आणि आजीला एकदम चिकट ठरवू नकोस. त्या दिवशी दर्शन झाल्यावर झाडामागची चप्पल सापडेना, आठवतंय? आजी हवालदिल. तू तीन झाडांमागे बघून आलीस. मग दूर्वा विकणाऱ्या त्या बाईंनी टोपलीखालून चप्पल काढली, "आजी, कुत्रं घेऊन चाललं होतं, म्हणून ठेवली." आजीने चप्पल घेतली, उलटी करून बघितली, पायात घातली. मग दर्शन झालेलं असताना, घरी दूर्वा असताना, तिच्याकडून दोन जुड्या घेतल्या. वीसची नोट दिली आणि उरलेले सुटे उभ्या उभ्या मोजून घेतले.

त्या दूर्वा आजीने फ्रीजमध्ये ठेवल्यात, ओल्या फडक्यात. काल फोनवर सांगत होती, अजून हिरव्या आहेत.

तुझी,
आई