दोन रकान्यांची वही पुरणार नाही

औषधी वनस्पतींची तुमची यादी पाहिली. उत्साह दांडगा आहे, पण ‘झाड’ आणि ‘रोग’ एवढ्या दोन रकान्यांत हा विषय मावत नाही. मूळ की पान, ओलं की वाळलेलं, उकळून की कुटून, हे टिपलं नाही तर नोंद निम्मी वाया.

चीनमधली छिंगहाओ ही वनस्पती घ्या. चौथ्या शतकात गे होंग या वैद्याने तापावर लिहून ठेवलं: मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असं म्हटलंच नाही! चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांची नजर नेमकी तिथे अडकली. उष्णतेने गुण जात असेल म्हणून त्यांनी कमी तापमानाला ईथर या द्रावकाने अर्क काढला. त्यातूनच हिवतापावरचं आर्टेमिसिनिन मिळालं, आणि २०१५ मध्ये नोबेल.

स्थानिक नावांवर विसंबू नका, एकाच नावाची दोन-तीन झाडं निघतात. शास्त्रीय नाव शेजारी लिहाच.

विलो झाडाच्या सालीची नोंद छान जमलीय, फक्त ‘ॲस्पिरिन सालीत असतं’ हे खोडा. ते १८९७ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेलं.

आणि हो, डिजिटॅलिस या झाडापुढे लाल खूण करा. इंग्रज डॉक्टर विदरिंगने १७८५ मध्ये सुजेवरचा त्याचा उपयोग मांडला खरा, पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत जेमतेम बोटभर अंतर. ते वाचण्यापुरतंच, काढा करून बघायचा नाही.