दुकानात पालथं झोपायला लाजू नका

प्रश्न : मी ३६ वर्षांचा, वजन ८४ किलो, उद्यमनगरात दिवसभर मशीनवर उभा असतो. लहानपणापासून पालथाच झोपतो, कुशीवर झोपच लागत नाही. मध्यंतरी ऑनलाइन ८ इंची मेमरी फोमची गादी मागवली, पहिले पंधरा दिवस लई भारी वाटलं, लोण्यात झोपल्यागत, पण आता दोन महिने झाले सकाळी उठलं की कंबर धरलेली असते आणि मान डावीकडं वळत नाही. आई म्हणते जमिनीवर झोप, बायको म्हणते सवय बदला, मित्र म्हणतोय स्प्रिंगची घे. कुणाचं ऐकू?
(एक वाचक, रंकाळा परिसर)

उत्तर : दादा, आईचं अर्धं ऐका, वहिनींचं हळूहळू ऐका आणि मित्राचं तूर्त राहू द्या.

माझी तीस वर्षं गाद्यांच्या दुकानात गेली, आधी वडिलांच्या हाताखाली कापूस पिंजत आणि मग फोम कापत, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट अजून बदललेली नाही. गिऱ्हाईक येतं, तळहातानं गादी दाबतं, काठावर बसून दोन हिसके देतं, फारच झालं तर पायातल्या चपला काठाबाहेर लोंबत ठेवून उताणं पडतं, दोन मिनिटं पंख्याकडं बघतं आणि म्हणतं, बरी आहे, बांधा. आणि घरी जाऊन रात्रभर पालथं झोपतं! चार लोकांसमोर पालथं पडायची लाज वाटते हो, दुसरं काय. तुम्ही तर ऑनलाइन घेतली, म्हणजे तेवढंसुद्धा झालं नाही.

आता का दुखतंय ते बघा. माणूस पालथा पडला की शरीराचा सगळ्यात जड भाग म्हणजे पोट आणि कंबरेचा पट्टा, बरोबर गादीच्या मधोमध येतो. गादी मऊ असली की तो खाली जातो, छाती आणि पाय मात्र वरच राहतात, आणि पाठ झोळीसारखी होते. कंबरेला मुळात आत बाक असतोच, तो आणखी वाढतो आणि तसाच सहा-सात तास राहतो. मेमरी फोममध्ये आणखी एक भानगड आहे, तो अंगाच्या उबेनं मऊ होत जातो. १९६६ च्या सुमाराला नासाच्या कामात विमानाच्या सीटसाठी हा फोम निघाला, बसणाऱ्याच्या अंगाचा आकार त्यानं घ्यावा हाच त्याचा गुण, आणि पालथं झोपणाऱ्याला नेमका तोच नडतो. म्हणून अकरा वाजता ठीक वाटलेली गादी पहाटे चारला पोटाखाली खड्डा करून बसलेली असते.

मानेचं वेगळं. पालथं झोपल्यावर श्वासासाठी तोंड एका बाजूला वळवावंच लागतं, त्यात खाली जाड उशी असली तर मान वळलेली पण आणि मागं मोडलेली पण. गादीवर हजारो रुपये घालवायच्या आधी आज रात्रीच उशी काढा. अगदीच जमत नसेल तर टॉवेलची दोन पदरी घडी घ्या, बास. आणि ती काढलेली उशी, पातळ असेल तर, ओटीपोटाखाली ठेवा, बेंबीच्या खाली, छातीखाली नव्हे. यानं कंबर थोडी उचलली जाते आणि तो बाक कमी होतो. पहिल्या रात्री चमत्कारिक वाटतं, मलाही वाटलं होतं.

नवीन गादी लगेच घेऊ नका. घरात माळ्यावर जुनी कापसाची गादी असेलच, ती उन्हात टाका, जमिनीवर अंथरा, वर वाकळ घाला आणि आठ-दहा रात्री तिथं झोपा (आईंचं अर्धं ऐका म्हटलं ते हे). कंबर मोकळी झाली तर दोष गादीचा. झाली नाही, किंवा पायात मुंग्या येतात, पाय बधिर होतो, कळ गुडघ्याखाली उतरते असं काही असेल तर गादीवाल्याला नाही डॉक्टरला गाठा. आणि हो, सध्याची गादी उलटी करून बघितली का? बऱ्याच गाद्यांना एक बाजू कडक आणि एक मऊ असते आणि लोकं वर्षभर चुकीच्या बाजूवर झोपतात.

आता घ्यायचीच झाली तर. कडक म्हणजे फळी नव्हे, हे आधी. आपल्याकडं कंबर दुखली की फळीवर झोपवायची पद्धत, पण २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता, जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांना काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी देऊन ९० दिवस बघितलं, तर मध्यम कडकवाल्यांना जास्त आराम पडला. तो अभ्यास काही पालथं झोपणाऱ्यांचा नव्हता, त्यामुळं तुमच्यासारख्यांना मी त्याच्यापेक्षा अर्धी पायरी कडक सांगतो. वजन पण बघायचं, ५० किलोची पोरगी ज्या गादीवर तरंगते तिच्यावर तुम्ही ८४ किलोचे पार आत जाणार.

तुमच्यासाठी माझ्या डोक्यात आहे ती अशी, खाली काथ्या किंवा रिबॉण्डेड फोमचा (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला) कडक थर आणि वर इंच-दीड इंच साधा एचआर फोम (लवकर उसळी घेणारा) किंवा लेटेक्स (रबराच्या चिकाचा फोम), एकूण ५-६ इंच. लेटेक्सचा खर्च झेपत असेल तर उत्तम, तो दाबला की लगेच उसळी मारतो, खड्डा धरून ठेवत नाही. साधी जुन्या पद्धतीची स्प्रिंग मात्र नको, काही वर्षांत मधोमध झोळ येतो आणि तुमचा सगळा भार मधोमधच. पॉकेट स्प्रिंग, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते ती, त्यामानानं बरी, पण वरचा मऊ थर जाड असला तर तीही नको. आणि जाडी म्हणजे दर्जा नव्हे, ८ इंचातले ४ इंच नुसती हवा असू शकते.

दुकानदार ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणाला की माना डोलावू नका. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, एका घनमीटरला किती किलो माल आहे ते. फोम किती टिकेल याचा अंदाज त्यावरून येतो. आणि ते तपासता येतं की! नुसत्या फोमची ७२ बाय ३६ आणि ४ इंच जाड गादी म्हणजे बरोबर सहा घनफूट, ४० डेन्सिटीचा फोम असेल तर कव्हर सोडून पावणेसात किलोच्या आसपास भरली पाहिजे, ३२ ची साडेपाचच्या जवळ. पाच किलोच भरली आणि बिलावर ४० लिहिलंय, तर काय समजायचं ते समजा. आमच्याच धंद्यातली गोष्ट सांगतोय, काहीजणांना आवडणार नाही.

दुकानात वहिनींना घेऊन जा. चपला काढा आणि पंधरा मिनिटं पालथे पडा, घरी जसा हात उशाला घेता आणि एक पाय दुमडता तसेच. त्यांना सांगा गादीच्या पातळीवर वाकून बाजूनं मोबाइलवर फोटो काढायला. असाच एक फोटो घरी सतरंजीवर पालथं पडून आधीच काढून ठेवलेला असू दे. दोन्ही शेजारी ठेवून बघा, दुकानातल्या फोटोत कंबरेचा खळगा जास्त खोल दिसला तर ती गादी सोडा, सेल्समन काहीही म्हणू दे. ऑनलाइनच घ्यायची असेल तर ट्रायलचे दिवस किती, परत न्यायला कोण येणार आणि गादी किती बसली तर बदलून देणार, हे आधी वाचा, ते बारीक अक्षरातच असतं.

पलंगाचं विसरू नका. प्लाय मधे वाकलेला असेल तर सोन्याची गादी टाकली तरी झोळच होणार. आणि आपल्याकडं पावसात बॉक्सच्या पलंगात हवा खेळत नाही, खालून बुरशी धरते, तर प्लायला चार-सहा भोकं पाडून घ्या आणि उघडीप मिळाली की गादी भिंतीला उभी करा. कोल्हापुरातल्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या गाद्या वाळवून वापरू का म्हणून विचारायला कितीतरी लोक आले होते, सगळ्यांना एकच सांगितलं, टाकून द्या.

प्रश्न : नात चार महिन्यांची आहे. पालथी घातली की छान झोपते. तिला सावरीच्या कापसाची मऊ गादी आणि डोकं गोल व्हायला मोहरीची उशी शिवू का?
(एक आजी, शाहूपुरी)

उत्तर : आजी, हौस समजते पण शिवू नका. एक वर्षाच्या आतलं बाळ झोपवायचं ते उताणंच, दिवसा पण आणि रात्री पण, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. मऊ गादीत नाक रुतलं तर एवढ्याशा जीवाला मान वळवून सुटता येत नाही, श्वास कोंडतो. गादी सपाट आणि घट्ट, वर ताणून घातलेली चादर, उशी नाही, बाजूला लोड नाही, दुपटी गोळा करून ठेवलेली नाहीत. डोक्याच्या आकाराची काळजी असेल तर बाळ जागं असताना तुमच्या डोळ्यांसमोर थोडा वेळ पालथं घाला, मानही धरायला शिकते. सावरीचा कापूस आणलाच असेल तर तुमच्या स्वतःच्या उशीत भरा.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा, तालमीत राहतो, तिथं सतरंजीवर पालथा पडून मस्त झोपतो. सुट्टीला घरी आला की आमच्या गादीवर त्याला झोप येत नाही, म्हणतो अंग आंबतं. त्याच्यासाठी वेगळी गादी घेऊ का?
(एक आई, करवीर तालुका)

उत्तर : ताई, पैसे वाचवा, त्यातून बदाम आणि तूप घ्या. कमावलेलं अंग आहे, दिवसभर मातीत घुमतंय, त्याला खालची जमीन सवयीची झालीय आणि काही दुखत नसेल तर त्यात बिघडवायला काय आहे? घोंगडं आणि त्यावर पातळशी कापसाची गादी, दोन-तीन इंची, एवढं पुरे. कुस्तीत मानेवर ताण असतोच, म्हणून रात्री डोक्याखाली जाड उशी घेत असेल तर तेवढी काढून घ्या.